फेसबुक-व्हॉट्सॲपवर बदनामी झाली, तर कोर्टात जायला किती वेळ मिळतो? एक वर्षाची मुदत नेमकी कधीपासून मोजतात?

पोस्ट दोन वर्षांपूर्वीची आहे. पण ती अजूनही फेसबुकवर दिसते, गुगलवर नाव टाकलं की वर येते आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी ती पुन्हा ग्रुपवर टाकतं. मग ज्याच्याबद्दल ती लिहिली आहे, त्या माणसाला आज कोर्टात जाता येईल का?

अनेकांना वाटतं, पोस्ट जोवर इंटरनेटवर आहे तोवर दावा करता येतो. प्रत्यक्षात भरपाईच्या दाव्यासाठी भारतात फक्त एक वर्ष मिळतं. हे वर्ष पोस्ट तुम्ही वाचली त्या दिवसापासून नाही, तर ती टाकली गेली त्या दिवसापासून मोजलं जातं. आरोप कितीही खोटा असला आणि नुकसान कितीही मोठं असलं, तरी ही तारीख चुकली की भरपाईचा मार्ग बहुतेक वेळा बंद होतो.

त्यामुळे प्रश्न दोन आहेत. तारीख कशी मोजायची? आणि ती कोर्टात सिद्ध कशी करायची? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देशाला ज्या निकालाने दिलं, तो निकाल जालन्याच्या एका प्रकरणातला आहे. त्याबद्दल पुढे येईलच. आधी मुदतीचं गणित समजून घेऊ.

थोडक्यात

- भरपाईचा दिवाणी दावा: पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्ष.
- मॅजिस्ट्रेटसमोरची फौजदारी फिर्याद: ३ वर्षं.
- पोस्ट ऑनलाइन राहिली म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होत नाही, असं दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये म्हटलं आहे.
- वकिलाची नोटीस, पोलिसांतला अर्ज किंवा फेसबुककडे केलेला रिपोर्ट यांपैकी कशानेही ही मुदत थांबत नाही.

बदनामीविरुद्ध कोणते दोन मार्ग आहेत?

आपल्याकडे बदनामी हा दिवाणी अन्यायही आहे आणि फौजदारी गुन्हाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरता येतात, पण दोन्हींची कोर्टं, उद्देश आणि मुदती वेगळ्या आहेत.

पहिला मार्ग अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्याचा. त्यात कोर्टाकडे पैशांची भरपाई मागता येते. तो मजकूर काढून टाकावा आणि पुन्हा प्रसिद्ध करू नये, असा मनाई हुकूमही मागता येतो. याची मुदत मुदत अधिनियम, १९६३ मध्ये दिली आहे. लेखी बदनामीसाठी अनुच्छेद ७५ आणि तोंडी बदनामीसाठी अनुच्छेद ७६ आहे. दोन्हींत मुदत एक वर्षाची आहे. त्यामुळे व्हॉइस नोट किंवा व्हिडिओ 'लेखी' धरायचा की 'तोंडी', हा वाद झाला तरी वर्ष एकच राहतं.

दुसरा मार्ग फौजदारी फिर्यादीचा. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो. त्याआधीच्या पोस्टना जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० लागू होतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्याने त्यात समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय जोडला आहे. बदनामी हा गुन्हा असावा की नसावा, यावर बराच वाद झाला. १३ मे २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ही तरतूद घटनात्मक ठरवली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बदनामी होण्यासाठी मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचावा लागतो. कुणी फक्त तुम्हाला खासगी मेसेज करून शिव्या दिल्या, तर ती सहसा बदनामी ठरत नाही. तोच मेसेज पाच जणांच्या ग्रुपवर पडला, तर मात्र प्रसिद्धी झाली.

एक वर्ष मोजायचं कसं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जालना हे बियाणे उद्योगाचं शहर. जिल्ह्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवणारा एक दुकानदार आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ग्रामसभा झाली आणि त्याच संध्याकाळी गावातल्या एकाने फेसबुकवर लिहिलं, 'हा माणूस बोगस बियाणं विकतो, याच्यामुळे शेतकरी बुडाले.' दुकानदाराचं म्हणणं आहे की हा आरोप धादांत खोटा आहे. पण त्याला या पोस्टचा पत्ताच लागला नाही. ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक कमी झाल्यावर कुणीतरी त्याला ती दाखवली.

त्याची मुदत कधी संपेल?

ऑक्टोबर २०२६ मध्ये नाही. अनुच्छेद ७५ नुसार वर्ष 'मजकूर प्रसिद्ध झाला तेव्हापासून' सुरू होतं. वादीला तो कधी कळला, याचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे त्याचे पहिले दोन महिने त्याच्या नकळत गेले.

मुदत मोजताना पहिला दिवस सोडून देतात, असं कलम १२ सांगतं. त्यामुळे शेवटचा दिवस १५ ऑगस्ट २०२६ येतो. तो स्वातंत्र्यदिन आहे आणि शनिवारही. दुसऱ्या दिवशी रविवार. अशा वेळी कलम ४ कामाला येतं. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर ते ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीलाही हाच नियम लागू होतो. पण ही सवलत फक्त कोर्ट बंद असण्यापुरती आहे. वकील गावाला गेले, कागद मिळाले नाहीत किंवा पेरणीची घाई होती, ही कारणं त्यात बसत नाहीत.

पोस्ट अजून ऑनलाइन आहे, मग मुदत रोज नवी का नाही?

कायदा १९६३ चा आहे. त्यात 'प्रसिद्ध' हा शब्द वर्तमानपत्र आणि पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून आला. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं, वेब पेज मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि रोज नवा वाचक ते उघडतो. मग प्रत्येक वाचन ही नवी प्रसिद्धी मानायची का?

इंग्लंडमध्ये एकेकाळी तसं मानलं जात होतं. १८४९ च्या 'ड्यूक ऑफ ब्रन्सविक विरुद्ध हार्मर' या खटल्यात ड्यूकने १७ वर्षं जुन्या वर्तमानपत्राची एक प्रत माणूस पाठवून विकत आणवली. ती विक्री म्हणजे नवी प्रसिद्धी, असं कोर्टाने मानलं आणि संपलेली मुदत पुन्हा जिवंत झाली. इंटरनेटला हा नियम लावला, तर कोणतीही पोस्ट कधीच जुनी होणार नाही.

भारतात हा प्रश्न दिल्ली हायकोर्टासमोर 'खावर बट विरुद्ध आसिफ नझीर मीर' या प्रकरणात आला. वाद फेसबुकवरच्या मजकुराचा होता आणि दावा २०१० मध्ये दाखल झाला होता. मजकूर अजून फेसबुकवर आहे, म्हणून दाव्याचं कारणही चालू आहे, असा वादीचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर २०१३ च्या निकालात न्यायमूर्ती विपिन संघी यांनी तो मान्य केला नाही. मजकूर पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, त्या दिवसापासूनच वर्ष मोजायचं, असं त्यांनी ठरवलं. याला 'एकदाच प्रसिद्धी'चा नियम म्हणतात. प्रत्येक क्लिकला नवी मुदत दिली, तर कायद्याने एक वर्षाची मर्यादा घालण्याचा हेतूच संपून जाईल, हा त्यामागचा तर्क. दावा मुदतबाह्य ठरला.

हा निकाल दिल्लीचा आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो. दुसरीकडे मुदत अधिनियमाच्या कलम २२ मध्ये 'चालू राहणाऱ्या अन्याया'साठी सतत नवी मुदत देण्याची तरतूद आहे आणि वादीचे वकील तिच्यावर भर देऊ शकतात. पण आपल्या दाव्याची सगळी भिस्त या वादावर ठेवणं धोक्याचं आहे. पहिल्या तारखेपासून वर्ष मोजणं हाच सुरक्षित हिशेब.

जगातही कल याच दिशेने आहे. अमेरिकेत न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपिली कोर्टाने २००२ मध्ये हा नियम वेबसाइटला लावला. इंग्लंडने डिफेमेशन ॲक्ट, २०१३ करून तोच स्वीकारला. ड्यूकच्या देशातला जुना नियम अशा तऱ्हेने मागे पडला.

शेअर, रिपोस्ट, फॉरवर्ड केलं तर?

इथे मात्र घड्याळ नव्याने सुरू होऊ शकतं. दिल्लीच्या निकालातच हा अपवाद आहे. तोच मजकूर नव्या किंवा वेगळ्या वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी पुन्हा प्रसिद्ध केला, तर ती नवी प्रसिद्धी.

आपल्या उदाहरणात, जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या गावातल्या एकाने ती जुनी पोस्ट 'सावध राहा' असं लिहून शेअर केली, तर त्या दुसऱ्या माणसाविरुद्धचं वर्ष जानेवारी २०२६ पासून मोजता येईल. पण त्यामुळे मूळ पोस्ट टाकणाऱ्याविरुद्धची मुदत आपोआप वाढत नाही. मूळ लेखकाने स्वतःच मजकूर बदलून, नवे आरोप जोडून पुन्हा टाकला, तर त्याच्याविरुद्धही नवं कारण उभं राहू शकतं. शुद्धलेखनाची एखादी चूक सुधारली, म्हणून तसं म्हणणं कठीण आहे.

'मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं' हा बचाव कितपत टिकतो? ५ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्ली हायकोर्टाने अरविंद केजरीवाल यांच्या प्रकरणात सांगितलं, की बदनामीकारक मजकूर रिट्विट करणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते. प्रकरण २०१८ च्या एका व्हिडिओचं होतं. पुढे सुप्रीम कोर्टात केजरीवाल यांनी रिट्विट करणं ही चूक होती, असं मान्य केलं.

ग्रुप ॲडमिनचं काय? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये यावर निकाल दिला. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दिसली पाहिजे. म्हणजे फिर्याद मेसेज टाकणाऱ्याविरुद्ध करायची, ॲडमिनच्या मागे लागून वेळ घालवायचा नाही.

फौजदारी फिर्यादीची तीन वर्षं कशी मोजतात?

एक ते तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांसाठी मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. बदनामीची कमाल शिक्षा दोन वर्षं, म्हणून ती या गटात येते.

इथला नियम फिर्यादीला थोडा अनुकूल आहे. कलम ५१५ नुसार गुन्हा घडल्याचं माहीतच नसेल, तर तो कळल्याच्या दिवसापासून मुदत सुरू होते. गुन्हा कुणी केला हे माहीत नसेल, तर ओळख पटल्याच्या दिवसापासून. बनावट नावाच्या अकाउंटवरून आरोप झाले असतील, तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरजेचं वाटलं, तर कलम ५१९ खाली कोर्ट मुदत संपल्यावरही दखल घेऊ शकतं. मुदत पाळली की नाही, हे फिर्याद दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरतं. मॅजिस्ट्रेटने दखल कधी घेतली यावरून नाही. सारा मॅथ्यू प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं.

पण फिर्याद द्यायची कुठे? नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात थेट एफआयआर होत नाही. बाधित व्यक्तीने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी लागते. 'पोलिसांत अर्ज दिलाय, बघू काय होतं' म्हणत महिने घालवणाऱ्यांची मुदत या काळात संपत असते.

याला अपवाद म्हणजे वेगळे गुन्हे. पोस्टमध्ये जिवे मारण्याची धमकी, मॉर्फ केलेले अश्लील फोटो किंवा जातिवाचक शिवीगाळ असेल, तर त्यासाठी वेगळी कलमं आहेत आणि तिथे पोलिसांकडेच जायचं. एकेकाळी आयटी कायद्याच्या कलम ६६ए खाली केवळ त्रासदायक पोस्टसाठीही अटक व्हायची. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून झालेली अटक देशभर गाजली. २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल प्रकरणात ते कलम रद्द केलं. त्यामुळे 'ऑनलाइन अपमान म्हणजे लगेच अटक' ही समजूत आता चुकीची आहे.

मुदत कशाने थांबते आणि कशाने नाही?

दिवाणी दाव्यात उशीर माफ करण्याची सोय नाही. मुदत अधिनियमाचं कलम ५ अपील आणि अर्जांना लागू होतं, मूळ दाव्याला नाही. शिवाय कलम ३ सांगतं की समोरच्याने मुद्दा काढला नाही, तरीही मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच.

खालील गोष्टींनी मुदत थांबत नाही:

- वकिलाने पाठवलेली साधी नोटीस आणि तिच्या उत्तराची वाट पाहणं.
- फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्रामकडे केलेली तक्रार.
- गावातल्या बैठका, मध्यस्थी, 'माफी मागतो' अशी तोंडी आश्वासनं.
- पोस्ट डिलीट होणं. त्याने पुढचं नुकसान थांबतं, पण आधी सुरू झालेलं वर्ष चालूच राहतं.

काही मोजक्या परिस्थितींत मात्र सवलत आहे. बाधित व्यक्ती अल्पवयीन असेल, तर सज्ञान झाल्यावर मुदत सुरू होते. दावा सद्हेतूने चुकीच्या कोर्टात दाखल झाला असेल, तर तिथे गेलेला काळ कलम १४ नुसार वगळता येतो. सरकारविरुद्धच्या दाव्याआधी कायद्याने दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तो काळही वजा होतो. कोरोनाकाळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. ती अपवादात्मक परिस्थिती होती.

तुरुंगात असणं हे मात्र सवलतीचं कारण नाही. या संदर्भात लोकमान्य टिळकांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांचं 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक १९१० मध्ये आलं, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यानंतर त्यांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा केला. तिथे तेव्हा मुदत सहा वर्षांची होती, भारतात एकच वर्षाची. टिळक १९१९ मध्ये तो दावा हरले, पण मुदतीमुळे नाही. भारतात तोच दावा करायचा असता, तर तुरुंगातून बाहेर येईपर्यंत वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

पोस्टची तारीख कोर्टात सिद्ध कशी करायची?

मुदत तारखेवर ठरते, म्हणून तारखेचा पुरावा हा दाव्याचा कणा आहे. समोरचा म्हणेल, 'मी ही पोस्ट त्याच्या आधीच टाकली होती' किंवा 'हा स्क्रीनशॉट बनावट आहे.' तेव्हा काय दाखवायचं?

इथे जालन्याचं प्रकरण येतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांना ४५,०७८ मतं मिळाली आणि कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप घेत गोरंट्याल हायकोर्टात गेले. वाद होता घड्याळातल्या वेळेचा आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. त्या चित्रीकरणासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

१४ जुलै २०२० रोजी 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने देशभरासाठी नियम पक्का केला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. संबंधित अधिकारी किंवा कंपनी ते देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून मागवता येतं. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. त्यानंतर देशात कुठेही सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड किंवा स्क्रीनशॉटवर वाद झाला, की या निकालाचा हवाला दिला जातो.

आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यूही त्यात द्यावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती बदलते.

म्हणून नुसता कापलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही. पोस्टची पूर्ण लिंक, अकाउंटचं नाव आणि प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, खालच्या कमेंट आणि शेअरची संख्या, हे सगळं एका चित्रात यायला हवं. फेसबुकवर 'दोन आठवड्यांपूर्वी' असं दिसत असेल, तर त्यावर कर्सर नेऊन नेमकी तारीख दाखवा. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि ज्या फोनवर तो मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

दावा कुठे दाखल करायचा? अकाउंट बनावट असेल तर?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार, जिथे नुकसान झालं तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, वादी आपल्या सोयीने दावा करू शकतो. पोस्ट टाकणारा पुण्यात राहत असला, पण ती जालन्यात वाचली गेली आणि अब्रू इथे गेली, तर जालना जिल्ह्यातल्या योग्य दिवाणी कोर्टाचा पर्याय उपलब्ध असतो. कोणतं कोर्ट, हे दाव्याच्या रकमेवर ठरतं आणि कोर्ट फीसुद्धा मागितलेल्या रकमेप्रमाणे लागते. म्हणून कोटींचे आकडे टाकण्याआधी फीचा हिशेब करावा.

अकाउंट बनावट असेल, तर अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावा करता येतो. भारतीय कोर्टांत अशा प्रतिवादीला बऱ्याचदा 'अशोक कुमार' म्हणतात. कंपनीलाही पक्षकार करून अकाउंटची माहिती मागता येते. पण दिवाणी वर्ष ओळख पटण्याची वाट पाहत नाही. शिवाय नंतर खऱ्या माणसाचं नाव जोडलं, तर त्याच्यापुरता दावा नाव जोडल्याच्या दिवशी दाखल झाला असं कलम २१ मानतं. आधी नाव न टाकण्यामागे सद्हेतूने झालेली चूक असेल, तरच कोर्ट मूळ तारीख धरू शकतं. त्यामुळे अशा प्रकरणात एक वर्षही तोकडं पडतं.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि कमी उत्पन्न गटातल्या लोकांना मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

मुदत इतकी कमी का?

तीन वर्षांचं उसनं परत मागता येतं आणि अब्रूसाठी एकच वर्ष, हे अनेकांना अन्यायाचं वाटतं. पण या मर्यादेला दुसरी बाजू आहे. गावातल्या रस्त्याच्या कामावर लिहिणारा तरुण, रेशन दुकानाचा व्हिडिओ टाकणारी महिला, तालुक्यात यूट्यूब चॅनल चालवणारा बातमीदार, यांच्या डोक्यावर एका पोस्टची टांगती तलवार दहा वर्षं राहिली, तर कुणी काही लिहिणारच नाही. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात, तेव्हा खरं काय ते ठरवणंही कठीण होतं.

आणि वर्षाच्या आत दावा आला, म्हणजे लिहिणारा हरला असं नाही. दिवाणी दाव्यात आरोप खरा असल्याचं सिद्ध झालं, तर तो पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्यासोबत सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर केलेल्या फिर्यादीत दिल्लीच्या कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष ठरवलं. अनेक दशकांनंतरही आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर मांडण्याचा हक्क महिलेला आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. म्हणजे मुदतीचं बंधन कोर्टात दावा करण्याला आहे, जुन्या घटनेबद्दल खरं बोलण्याला नाही.

बदनामी झाल्याचं कळताच काय करावं?

१. पोस्ट पहिल्यांदा कधी टाकली गेली ती तारीख शोधा आणि लिहून ठेवा. तुम्ही कधी पाहिली ती तारीख वेगळी नोंदवा.
२. रिपोर्ट करण्याआधी पुरावा जपा. पोस्ट आधी डिलीट झाली, तर पुरावाही जातो.
३. पहिल्या तारखेत एक वर्ष मिळवून दिवाणी मुदतीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर टाका. त्याच्या तीन महिने आधीची तारीख ही आपली खरी मुदत समजा.
४. नोटीस पाठवायची असेल, तर उत्तरासाठी पंधरा दिवसांसारखी ठरावीक मुदत द्या आणि ती संपल्यावर थांबू नका.
५. प्रत्येक नव्या शेअरची तारीख आणि शेअर करणाऱ्याचं नाव वेगळं नोंदवा. त्यांची मुदत स्वतंत्र असते.
६. दिवाणी मुदत निघून गेली असेल, तरी फौजदारी फिर्यादीची तीन वर्षं शिल्लक आहेत का ते वकिलाकडून तपासून घ्या.

उदाहरणातल्या त्या दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये पोस्ट पाहिली आणि वर्षभर 'लोक विसरतील' म्हणून वाट पाहिली, तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या हाती फक्त फौजदारी फिर्याद उरेल. बुडालेल्या धंद्याची भरपाई मागण्याचा मार्ग त्याआधीच, ऑगस्टमध्ये बंद झालेला असेल.